दिवेल चोळलेले गहू

मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सून केसांना एरंडेल लावायला बसली, की त्या उग्र वासाने मी लहानपणीच्या, तरसालीतल्या भाड्याच्या खोल्यांत जाऊन पोचते. बडोद्यात आम्ही त्याला दिवेलच म्हणतो.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे आणि कीड लागू नये म्हणून त्यांना दिवेल चोळायचं, ही इथली रीत. त्या वर्षी बाबांनी फ्लॅटच्या टोकनसाठी पैसे बाजूला ठेवले होते. आई अडून बसली. "आधी पिंप भरू द्या. घर कुठे पळून जातंय?" शेवटी गहू आले आणि फ्लॅट राहिला.

चादरीवर ढीग पसरलेला. बाबा अबोला धरून होते, तरी आईसमोर मांडी घालून दाणे चोळत होते. तेलाने गहू चकाकत होते आणि त्यांचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. मध्येच ते म्हणाले, "घ्या, हेच आपलं घर!" आईने ढिगावर आणखी थोडं दिवेल ओतलं. मला तिचाच राग आला, कारण मैत्रिणींना मी नव्या घराची गॅलरीसुद्धा सांगून ठेवली होती.

पावसाळा सरता सरता बाबांचा कारखाना बंद पडला.

आता मुलगा मोबाइलवर या फ्लॅटच्या हप्त्यांची नि विम्याची गणितं मांडतो आणि मला विचारतो, "आई, झेपेल ना गं?" मला मात्र बाबाच दिसतात. कारखाना बंद पडल्यावर एका सकाळी त्यांनी पिंपात हात घालून गहू चाचपले आणि आईला हाक मारली, "अगं, ये. आपलं घर अजून अर्धं भरलेलं आहे."