आधी दार, मग परवाना, मग भिंती

माझी आत्या जाऊन आज वर्ष झालं आणि मला सकाळपासून हसू येतंय.

रडून झालंय माझं. गेल्या वर्षी पोटभर रडले. आज हसू द्या.

आत्या म्हणजे गयाबाई. बोरीकडच्या आमच्या गावात तिला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, आणि तिचं ऐकावं लागलं नाही असा तर त्याहून नाही.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान वारले. ती माहेरी आली, ती कायमची. आमच्या घरात तिला कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. तरी ती म्हणायची,

"भावाचं घर लय चांगलं हाय गं. पण दार त्याचं हाय."

एवढंच हवं होतं तिला. स्वतःचं दार.

आजोबांनी गावठाणातला एक तुकडा तिच्या नावावर करून ठेवला होता. साठी उलटल्यावर तिनं तिथं दोन खोल्या बांधायच्या ठरवल्या. परवान्याचं काम माझ्या गळ्यात, कारण मी परभणीला राहते आणि मला कॉम्प्युटर येतो. अर्ज, नकाशा, शेजाऱ्यांची ना हरकत, सगळं दिलं. साइट बघायला ग्रामपंचायतीची माणसं येऊन जाईपर्यंत एक वीटसुद्धा लावायची नाही, असं मी तिला फोनवर बजावलं.

ती "बरं" म्हणाली.

आत्या एका शब्दात "बरं" म्हणाली की समजायचं, काहीतरी शिजतंय.

मध्ये अक्षय्य तृतीया आली. तिनं दाराची बाभळीची दणकट चौकट कधीचीच करून ठेवली होती. बाबांनी अडवून बघितलं, तर म्हणाली, मुहूर्त काय परवान्याची वाट बघत बसतो का?

पाहणीच्या दिवशी मी गावी पोचले. मोकळ्या प्लॉटवर नुसती एक चौकट उभी.

पाया नाही, भिंत नाही, छप्पर नाही. वर आंब्याचं तोरण, हळदीकुंकवाची बोटं, उंबऱ्यापुढं रांगोळी. दोन्हीकडून लाकडी बल्ल्यांचा टेकू. आणि चौकटीच्या पलीकडं खुर्ची टाकून आत्या बसलेली. म्हणजे 'आत'.

परवान्याआधीच बांधकाम सुरू केलं असा शेरा पडला की फाइल अडकणार, आणि आत्याचं वय काही फाइलीसाठी थांबणार नव्हतं. मी म्हणाले, गाडी यायच्या आत चौकट आडवी करू.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देव्हारा उचलून उकिरड्यावर टाकायला निघालेय. पूजा झालेली चौकट आमच्याकडं आडवी करत नाहीत. विषय संपला.

तेवढ्यात गाडी आलीच.

ग्रामसेवक भाऊ आणि एक तरुण इंजिनिअर. सगळी जागा मोकळी, त्यामुळे दोघं सरळ बाजूनं चालत आले.

"साहेब, दारातून या," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली.

आणि तो बिचारा इंजिनिअर खरंच मागं फिरला. चौकटीसमोर आला, रांगोळी बघितली, बूट काढले आणि उंबरा ओलांडून मोज्यांवर मातीत येऊन उभा राहिला.

आत्याला केवढा आनंद! त्या आनंदातच तिची जीभ घसरली.

"बघा, साहेबांनी बूट काढले. घरच हाय हे."

ग्रामसेवक भाऊंनी कपाळाला हात लावला. "मावशी, घर हाय म्हणता, मग बांधकाम झालंच की. आता आमी काय लिहावं?"

आत्या खुर्चीवरून उठली.

आत्याला कुणापुढं उठून उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. फार वाईट वाटलं.

मग ती हळूच म्हणाली, "साहेब, टिकावबी मारला न्हाई मी. मुहूर्त चुकू नये म्हणून नुस्तं उभं केलंय. तेवढं दार राहू द्या."

इंजिनिअर खाली बसला. बघतो तर चौकट खरंच एका शहाबादी फरशीवर ठेवलेली, जमिनीत कुठंही खड्डा नाही. तो हसायलाच लागला. म्हणाला, हे बांधकाम नव्हे. पण नकाशात पुढची जागा मोकळी सोडायचीय, तुमचं दार त्यात येतंय. मागं घ्यावं लागेल.

आडवी करायची नाही आणि मागं न्यायचीय. झालं! गल्ली गोळा झाली. बाबांनी एक बाजू धरली, ग्रामसेवक भाऊंनी दुसरी, बाकीच्यांनी जिथं हात मिळेल तिथं. इंजिनिअर मोज्यांवरच टेकू सांभाळत होता. चौकट उभीच्या उभी निघाली.

पुढं आत्या, हातात हळदीकुंकवाचं ताट. "सावकाश... उंबऱ्याला धक्का नका लावू."

लोकांच्या दारावरून वरात जाते. आमच्याकडं दाराचीच वरात निघाली होती.

नव्या जागी तिनं परत नारळ फोडला. आणि सगळ्यांना बाहेर काढून परत दारातून आत घेतलं. इंजिनिअरलाही.

पुढं रीतसर परवाना आला. त्या चौकटीभोवती भिंती उभ्या राहिल्या. आत्या त्या घरात राजासारखी राहिली. दिवसभर दार सताड उघडं. मागच्या दारानं कुणी आलं की त्याला परत पाठवायची, मग तो घाईत असो की पाव्हणा असो.

आज वर्षश्राद्धाला तिच्या घरी गेले. वहिनीचा मागं चुलीपाशी स्वयंपाक चाललेला, मागचं दार उघडं. वडे तळल्याचा वास आला म्हणून मी तशीच तिकडून आत शिरत होते.

पाय थांबले.

घराला वळसा घातला. पुढं आले. चपला काढल्या.

आत्या, दारातून आले गं.

हार, फुलं, मोठे शब्द तुला कधी आवडले नाहीत. तुझ्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केलाय, तेवढा घे.