मामांचा चहा

ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणत. नवा प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंद डब्यांमध्ये, भरून सर्व्हरच्या ताफ्यावर चढवायचा, तर एकोणतीस कमांड ओळीने टाइप कराव्या लागत आणि त्या फक्त मामांना तोंडपाठ होत्या. म्हणून डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी तीनदा पुढे ढकललं होतं.

"मामा, डोळे गेल्यावर कीबोर्ड काय हुंगून चालवणार?" शेजारच्या टेबलावरची इंजिनीअर मुलगी म्हणाली. आठवडाभर ती त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसली आणि सगळ्या कमांड तिने एका बटणात बसवल्या. पण बटण दाबलं की काम अर्ध्यावर अडायचं. मामांच्या हातून मात्र बिनबोभाट व्हायचं.

शेवटी तिच्या ध्यानात आलं. अठराव्या कमांडनंतर मामा चहा आणायला उठत आणि तेवढ्यात नवे कंटेनर पुरते सुरू होत. तिने तिथे पाच मिनिटांची उसंत घातली. काम पार पडलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, चढलं सगळं! तुमच्या चहासकट."

मामांना हसू आलं. "पोरी, त्या चहाकडे माझंसुद्धा कधी लक्ष गेलं नव्हतं. तू पाहिलंस, म्हणून माझा डोळा वाचला गं."