आधी वाच, मग सही

आमच्या घरी कागदावर सही करायची एक रीत आहे. बाबा खाटेवर बसतात, मी समोर. कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा, इंग्रजीत असेल तर मराठीत सांगायचा. मग बाबा पेन उचलतात. गॅसचा कागद असो की माझ्या कॉलेजचा फॉर्म, सूट नाही.

ही रीत सांवेर रोडवरून, आमच्या शहराच्या कारखान्यांच्या भागातून आली. तिथल्या एका कारखान्यात बाबा प्रेस मशीनवर होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा कारखान्याच्या माणसाने दवाखान्यातच त्यांच्यापुढे एक कागद धरला. "छुट्टी का फॉर्म है, साइन कर दो." चूक बाबांचीच होती, असं त्यात लिहिलेलं, हे नंतर कळलं. बाबा चौथी शिकलेले. त्याच वर्षी त्यांनी आईला सांगितलं, पोरींना शिकवायचंच. मी आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी कोणी न विचारताही सांगते. कमावलंय, का नाही सांगू?

धाकटी बहीण बारावीत होती. तिला पोलिसात जायचं होतं. रोज पहाटे ग्राउंडवर धावायची, पोरांना मागे टाकायची. तिच्या वाढदिवसाला मी सगळ्यांना शहराबाहेर, राऊच्या पुढे ट्रॅम्पोलिन पार्कला नेलं. ऑफिसातले लोक तिथे जायचे, मग आपणही जावं, एवढीच हौस.

काउंटरवर फॉर्म दिला. बहीण अठराची नव्हती, म्हणून सही बाबांची. बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "वाच."

मागे रांग होती. रांगेत माझ्या ऑफिसातल्या मॅडम होत्या, पुण्याहून आलेल्या, मुलांना घेऊन. आमचं इकडचं अर्धं हिंदी मराठी ऐकून त्या गोड हसायच्या, ते मला लागायचं. आता त्यांच्यासमोर बापाला ओळ न् ओळ वाचून दाखवायची? मी नुसती कागदावरून नजर फिरवली. मी भरभर वाचते. इजा झाली, अगदी पार्कच्या हलगर्जीने झाली, तरी पार्क जबाबदार नाही, असं चौथ्या ओळीत साफ लिहिलेलं होतं. मला ते कळलं होतं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही हो बाबा. फॉर्मॅलिटी आहे. करा सही."

 बाबांनी उरलेल्या तीन बोटांत पेन धरून सही केली.

अर्ध्या तासात झालं. स्प्रिंगांवरची गादी एका कोपऱ्यात बांधलेलीच नव्हती. ती सरकली आणि बहिणीचा पाय मांडीपर्यंत फटीत गेला. ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "ताई, पाय काढ माझा."

मॅनेजर आला तो फॉर्म घेऊनच. "अंकलजी, साइन आपका ही है ना? सब लिखा है इसमें."

बाबांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाँ भिया, मेरा ही है."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बहिणीने डॉक्टरांना एकच विचारलं, भरतीपर्यंत धावता येईल का? ते म्हणाले, "पहले चलो तो सही, बेटा."

तुकोगंजमधल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "गादीच बांधली नव्हती ना? मग एका फॉर्मने सगळं माफ होत नाही. लढता येईल. काका, त्यात काय लिहिलंय हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"हो तर," बाबा लगेच म्हणाले. "माझी पोरगी ग्रॅज्युएट आहे. अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं तिने."

वकीलबाईंचं पेन थांबलं. "मग जरा अवघड जाईल."

मी लगेच बोलले, असं लिहायला आवडलं असतं. मी टेबलावरची काच पाहत बसले. बहिणीची कुबडी भिंतीवरून घसरून खाली पडली, ती उचलायला वाकले आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, "नाही वाचलं. मला कळलं होतं, तरी नाही सांगितलं."

बाबा रिक्षात म्हणाले, "गप्प बसता येत नव्हतं? तुझं नाव खराब होऊ नये म्हणून बोललो मी."

प्रतिज्ञापत्र तयार झालं. नोटरीच्या टेबलापाशी आमच्या मागे पुन्हा रांग. नोटरी म्हणाला, "कर दो साइन अंकलजी, रूटीन है."

"पहले पढ़ेगी," बाबा म्हणाले, आणि कागद माझ्याकडे दिला.

मी वाचत गेले. सहावं कलम पुटपुटतच वाचलं. 'माझी थोरली मुलगी पदवीधर असून, मजकूर समजूनही तिने तो मला सांगितला नाही.'

"ऐकू नाही आलं, ताई," बाकावरून बहीण म्हणाली.

मी तीच ओळ पुन्हा वाचली, मोठ्याने. रांगेतले लोक बघत होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सही केली.

निघताना बहिणीला बाकावरून उठायचं होतं. मी हात पुढे केला. तिने बाबांचा धरला.