तीनदा विचारणारे तात्या

गल्लीच्या टोकाला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे ‘तीनदा तात्या’ म्हणत. जुना लॅपटॉप विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला तात्या तीनदा विचारत, “यातलं काही ठेवायचंय का?” तिन्ही वेळा ‘नाही’ आलं की मगच सगळं पुसायचं बटण दाबत. आणि पुसतही तीनदा, म्हणजे गेलेलं ब्रह्मदेवाच्या बापालाही सापडू नये. लोकांच्या फोल्डरात मात्र कधी डोकावत नसत. दुसऱ्याच्या कपाटात नाक खुपसायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. स्वतःचं नाक चांगलं कपाटभर असूनही.

“तात्या, काकूंना मागणी घातलीत तेव्हाही तीनदा विचारलंत?” गिऱ्हाइकं चिडवत.

“छे हो! एकदाच. पुन्हा विचारलं असतं तर तिनं विचार केला असता.”

“तो अजून चालूच आहे!” दुकानामागच्या स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई.

काकूंना जाऊन पाच महिने झाले. जाण्याआधी त्यांनी बजावलं होतं, “माझा लॅपटॉप कवटाळून बसू नका. कुणाच्या तरी कामाला येऊ द्या.” तात्यांनी पाच महिने तो कवटाळलाच. मग शाळेतल्या एका बाईंना जुनाच पण धडका हवा होता, तेव्हा मन घट्ट करून त्यांनी तो टेबलावर घेतला.

फोटो उतरवून घेतले, कागदपत्रं घेतली. ‘किराणा’ नावाचं एक फोल्डर दिसलं. आता कसला आलाय किराणा! एकट्या माणसाला लागतं काय? ते त्यांनी उघडलंसुद्धा नाही. सवयीनं समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, “यातलं काही ठेवायचंय का?” पण दुसऱ्यांदा विचारणं काही झालंच नाही. बटण दाबलं. पुसलं मात्र तीनदा. नवी सिस्टिम टाकली, पडद्यावर कुठलंसं निळंशार तळं आलं. कीबोर्डच्या फटींत काकूंच्या हातचं पीठ अडकलं होतं, तेही ब्रशनं झाडलं. “बघा, बाईसाहेब कशा न्हाऊनमाखून बसल्यात,” असं म्हणून स्वतःच हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती लांब राहायची. दिवस भरत आले होते.

“बाबा, आता सांगायला हरकत नाही. आईनं बाळासाठी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्यात. चांगल्या अकरा आहेत! तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. म्हणे, ते ऐकत बसतील नि दुकान उघडायचे नाहीत.”

“कुठं ठेवल्यात?”

“तुम्ही जन्मात उघडणार नाही अशा जागी. ‘किराणा’मध्ये!” ती हसत होती.

“बघतो हं,” म्हणून तात्यांनी फोन ठेवला. दुपारभर, गेलेलं परत आणणारे होते नव्हते ते सगळे प्रोग्रॅम चालवले. पण पुसणारा कोण? तात्या! त्यांच्याइतकं लख्ख उभ्या बाजारात कुणी पुसत नव्हतं. एवढ्या वर्षांची हुशारी, पण हाताला एक हुंकारसुद्धा लागला नाही.

संध्याकाळी त्यांनीच फोन केला.

“पोरी, मी पुसलं गं सगळं.”

“तुम्ही तरी ऐकल्या होत्या का?”

“दार लावून बोलायची. मला वाटायचं, तुझ्याशीच फोनवर बोलतेय. एकदा मध्येच कुकरची शिट्टी झाली, तेव्हा ओरडली तेवढं ऐकलं.”

“काय ओरडली?”

“‘मेला हा कुकर! आता पुन्हा पहिल्यापासून!’”

मुलगी हसली की रडली, कळलं नाही. “तसंच म्हणून दाखवा ना, बाबा. आईसारखं.”

तात्यांनी आपला घोगरा आवाज जमेल तेवढा बारीक करून म्हणून दाखवलं.

“पुन्हा.”

पुन्हा म्हटलं.

“अजून एकदाच.”

तिसऱ्यांदा तात्यांना जमलं नाही.