थांबामास्तर

चौकात हात दाखवून "जा, जा" म्हणणाऱ्या माणसावर मास्तरांचा कधीच विश्वास नव्हता. "एवढा चांगुलपणा कशासाठी? याच्या मनात काहीतरी आहे," असं ते म्हणायचे. ड्रायव्हिंग स्कूल चालवायला लागून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी समोरच्या गाडीचा एकही इंडिकेटर खरा मानला नव्हता. उजवा दिवा लुकलुकला की ते शिकणाऱ्याला सांगत, "हा डावीकडे वळणार. बघच तू." गाडी उजवीकडेच वळली तर म्हणत, "आपण बघतोय हे त्याला कळलं." शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव थांबामास्तर ठेवलं होतं. ते नक्की कुणी ठेवलं, याबद्दलही मास्तरांचा तिघांवर संशय होता.

या शिकवणीचं भरघोस पीक आलं ते घरातच. मास्तरीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकल्या, अर्थात मास्तरांकडूनच. बाईंच्या धाकट्या बहिणीची लाँड्री होती. तिची व्हॅन चालवायचं काम बाईंसाठी राखून ठेवलेलं होतं, अडलं होतं ते फक्त लायसन्सवर. आणि बाई दोनदा नापास झाल्या, दोन्ही वेळा एकाच चौकात. तिथे चारही बाजूंना 'थांबा'च्या पाट्या होत्या. नियम सरळ होता: जो आधी येऊन पुरता थांबेल, तो आधी निघेल. बाई आधी येत, पुरत्या थांबत आणि मग थांबूनच राहत. पहिल्या वेळी त्यांच्यासमोरून अकरा गाड्या गेल्या. दुसऱ्या वेळी परीक्षकांनी चक्क डुलकी काढली. तिसऱ्यांदा नापास झालं तर सहा महिने परीक्षा देता येणार नव्हती, आणि बहीण तेवढं थांबायला तयार नव्हती.

"हे तुमच्या शिकवणीचे प्रताप," बाई म्हणाल्या.

"छे! त्या परीक्षकाचा माझ्यावर डूख आहे. मुद्दाम तुला त्याच चौकात नेतो."

"अहो, तो सगळ्यांनाच तिथे नेतो."

"तेच तर! कुणाला संशय येऊ नये म्हणून."

तिसऱ्या परीक्षेला मास्तरांनी हट्टाने मागच्या सीटवर बसायची परवानगी मिळवली. "पण तोंडातून शब्द काढायचा नाही," परीक्षकांनी बजावलं. "मागून मदत झाली तर या नापास." मास्तरांनी मान डोलावली आणि ओठ घट्ट मिटले.

चौक आला. बाई पाटीपाशी थांबल्या, अगदी पुरत्या. त्यानंतर डावीकडून एक ट्रक आला आणि तोही थांबला. नंबर बाईंचा होता. शिवाय ट्रकवाल्याने खिडकीतून हात हलवला, "जा!"

मास्तर सीटवर पुढे सरकले. ट्रकवाला? आणि सभ्यपणा? त्यांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक ट्रककडे बघत होते. संगनमत! इतक्यात बाईंनी गाडी पुढे काढली.

"थांऽऽब!" मास्तर ओरडले.

बाई थांबल्या नाहीत. चौक ओलांडून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की मास्तरांना दार उघडून चालत घरी जावंसं वाटलं. व्हॅन, काम, सगळं त्यांच्या एका शब्दाने पाण्यात गेलं होतं.

"मागून शब्द आला," परीक्षक वहीत बघत म्हणाले. बाईंनी डोळे मिटले. "पण मदत कुठे झाली? नंबर यांचा, ट्रक उभा, आणि तुम्ही म्हणता थांब! तुमचं ऐकलं असतं तर या नापासच होत्या. ही मदत नव्हे मास्तर, हा अडथळा. अडथळा असूनही बाई नीट गेल्या. पास!"

घरी जाताना गाडी बाईच चालवत होत्या. दोन गल्ल्या गेल्या. मग मास्तरांना राहवेना.

"त्या ट्रकवाल्यावर विश्वास कसा ठेवलास गं?"

"हात दाखवला आणि बाटली तोंडाला लावली त्याने. दोन्ही हातांनी धरून घटाघटा पाणी पीत होता. तो कशाला ट्रक पुढे काढेल?"

मास्तरांनी बराच विचार केला.

"आणि बाटली रिकामी असली तर?"