खुर्चीमागे उभी असलेली माणसं

रविवारी सकाळचं गाणं ऐकून मी नेहमीच्या हॉटेलात डोसा खायला बसले. दोन घास होतात न होतात, तोच माझ्या खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी हात आला. मागे एक तरुण जोडपं माझ्या टेबलावर डोळा ठेवून उभं होतं.

"आजी, सावकाश होऊ द्या हं," मुलगी म्हणाली.

सावकाश म्हणे! मानेवर श्वास सोडत उभं राहायचं आणि वर पंगतीतला आग्रह करायचा! या शहरात माणसाला चार घास निवांत खायची सोय उरली नाही. संतापून मी मुद्दाम कॉफी मागवली.

कॉफी येईपर्यंत मात्र मला बाविशीतली मी आठवले. नव्या नवऱ्याला घेऊन याच हॉटेलात मी एका आजोबांच्या मागे अशीच उभी होते. "यांना दात आहेत की नाहीत?" असं कुजबुजलेसुद्धा, तेही त्यांना ऐकू जाईल इतपत. बिचारे अर्धी कॉफी टाकून उठले. मी गड जिंकल्यासारखी त्यांच्या खुर्चीत बसले. त्या बयेचा कान पिळायला हवा होता.

कॉफी आली. मागची मुलगी उसासली. मी शेवटच्या थेंबापर्यंत कॉफी प्यायले, निम्मी माझी आणि निम्मी त्या आजोबांची.