मित्राच्या नावावर खपवलेला रिपोर्ट

बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट मी एका पुरुषाचा म्हणून कंपनीच्या डॉक्टरांना दाखवला.

कारण होतं. गेल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी आईनं बजावलं होतं, "पाचवा लागेस्तोर भाईर कुणाला बोलायचं नाय." हिला चौथा चालू होता. त्यात सर्दी, खोकला आणि दोन दिवस ताप. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्हायरल वाटतंय, पण एकदा रक्त बघू." रिपोर्ट संध्याकाळी हातात आला. बाई भेटणार दुसऱ्या दिवशी दुपारी. तेवढा धीर माझ्यात असता तर हे लिहायला काही उरलंच नसतं.

वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला होतो. ड्रॉइंगवर माप किती ते किती लिहिलेलं असतं. आत बसलं तर माल पास, बाहेर गेलं तर लाल फुली. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात अगदी तशीच मापं छापलेली. मी लाल पेन घेऊन बसलो. हिमोग्लोबिन कमी, फुली. पांढऱ्या पेशी जास्त, फुली. त्यातल्याच लिम्फोसाइट कमी. प्लेटलेट कमी. ईएसआर तर मापाच्या कितीतरी बाहेर. काही वर, काही खाली. एकाच माणसाचं रक्त दोन्हीकडं कसं पळतं, हे कळेना. आमच्याकडं इतक्या फुल्यांचा माल सरळ भंगारात जातो, हा विचार आला आणि जेवण गेलं नाही.

सकाळी पहिल्या पाळीला रिपोर्टचा नावाचा भाग आत दुमडला आणि कंपनीच्या दवाखान्यात गेलो.

"किसका है जी?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"एका मित्राचा."

"खाँसी?"

"आहे."

"भूक?"

"नाही. उलट्या होतात. वजन पण उतरलंय." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. "इसकू आजच छाती का फोटो निकालने बोलो. टीबी निकला तो देर नक्को."

मी अर्धी रजा टाकली आणि स्कूटर घराकडं पिटाळली. ही स्वयंपाकघरात नाकाला पदर लावून बसलेली.

"चल, छातीचा फोटो काढायचाय."

"पोटात लेकरू असताना? कोण म्हणालं?"

"कंपनीचे डॉक्टर."

"त्यांना सांगितलं व्हय, मला दिवस गेलेत म्हणून?"

मी रिपोर्टची दुमडलेली घडी सरळ करायला लागलो.

"मग कुणाचा म्हणून दाखवला?"

"मित्राचा."

तिला खोकल्याची उबळ आली. मधे हसू होतं की रडू, मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी माझ्या फुल्या बघितल्या. "हे कुणी केलं?" मी पेन खिशात खोल सरकवलं. त्या म्हणाल्या, गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून हिमोग्लोबिन उतरलेलं दिसतं. पांढऱ्या पेशी आणि ईएसआर गरोदरपणात ताप नसतानाही वाढतात. रकान्यातली मापं गरोदर बाईची नाहीतच. लिम्फोसाइट आणि प्लेटलेट मात्र या तापानं खाली आल्या असाव्यात.

"असाव्यात म्हणजे? नक्की किती तापाचं आणि किती बाळाचं?"

"ते एका कागदावरनं कुणालाच सांगता येत नाही. आधीचा रिपोर्ट आणलाय?"

दिवस गेल्यावर काढलेला तो रिपोर्ट घरी कपाटात होता. पळत जाऊन आणला. त्यात पांढऱ्या पेशी तेव्हाही चढलेल्याच होत्या, प्लेटलेट मात्र चांगल्या होत्या. "पाच दिवसांनी परत तपासू," बाई म्हणाल्या. "मधे धाप लागली, अंगावर लाल ठिपके आले, हिरड्यांतनं रक्त आलं, तर थांबायचं नाही."

ते पाच दिवस मी बॅटरी घेऊन तिच्या हिरड्या बघत होतो. दिवसातनं तीनदा. कशाचा आकडा वाढावा म्हणून देवाला सांगायचं आणि कशाचा उतरावा म्हणून, याचाही घोटाळा व्हायचा. शेवटी नुसतं "बाळ राहू दे" एवढंच म्हणायला लागलो.

पाचव्या दिवशी ताप नव्हता. प्लेटलेट वर आल्या होत्या. पांढऱ्या पेशी तिथंच, मापाच्या बाहेर. बाईंनी बाळाचे ठोके ऐकले आणि मान हलवली, ठीक आहे. मग हिच्या दंडाला पट्टा बांधून बीपी घेतला. तो जरासा जास्त निघाला. मी लगेच खुर्ची पुढं ओढली. "म्हणजे किती जास्त? हे तापाचं की बाळाचं?"

ही बाईंना म्हणाली, "ह्यांना बाहेर बसवा आणि परत मोजा."